बेसिनखालचं कपाट स्वतः करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशाने सुतार नाही. बँकेत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर रंधा, असं गेली दहा वर्षं चाललंय. त्यात बेसिनखालची कपाटं तीन केली: पहिलं पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये, दुसरं ठाण्याला बहिणीकडे, तिसरं सावंतवाडीजवळ सासरी. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आतल्या खोलीतला टॉवेलसुद्धा धड वाळत नाही. ही कपाटं बघून लोक जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

लाकूडकामाला नुकतीच सुरुवात केली आहे. पहिलंच काम म्हणून हे घेऊ का?

पहिलं नको, तिसरं-चौथं म्हणून घ्या. आधी एखादं स्टूल, एखादी चपलांची मांडणी करा. बॉक्स काटकोनात उभा राहिला आणि गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावल्यावर चारही कोपरे जुळले, की हे काम हातात घ्यायला हरकत नाही. बेडरूमच्या कपाटापेक्षा याचा बॉक्स सोपाच असतो. अवघड आहे ते पाणी. इथे पाणी चार वाटांनी येतं: वरून बेसिनच्या कडेने, खालून फरशी धुताना, आतून पाइपच्या सांध्यातून, आणि हवेतून रोज दोन-तीन अंघोळींची वाफ होऊन. प्रत्येक निर्णय घेताना या चार वाटा डोळ्यांसमोर ठेवा. खालची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघाली आहेत.

उंची, रुंदी, खोली किती ठेवावी?

उंचीचा ठोकताळा म्हणजे तोंड धुताना ज्या कडेवर हात टेकतो, ती कड जमिनीपासून ८०० ते ८५० मिमी. पण ठोकताळ्यावर थांबू नका. सासरी मी रिकामे खोके एकावर एक रचले, वर परात ठेवली आणि सासूबाईंना म्हटलं, चूळ भरून दाखवा. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढं उंच कशाला? कोपरावरून पाणी ओघळेल." दोन खोके काढले. शेवटी ७७० ला त्यांचं समाधान झालं, तेच माप धरलं.

बेसिन कोणतं यावरही उंची ठरते. कपाटावरच्या दगडाच्या (ग्रॅनाइटच्या) खालून बसणारं असेल तर दगडाचा माथा म्हणजेच कड. दगडावर ठेवायचं, १२५ मिमी उंचीचं असेल तर दगड तेवढा खाली घ्यावा लागतो. हे विसरल्यामुळे नवीन घरांत कितीतरी ठिकाणी बेसिन छातीशी आलेलं दिसतं. म्हणून बेसिन आधी विकत आणा, हातात घेऊन मोजा, मग कागदावर रेघ ओढा. कॅटलॉगातल्या मापावर बॉक्स कापू नका.

खोली ४५० मिमी पुरते. रुंदी जागेप्रमाणे, फक्त न्हाणीघराचं दार पूर्ण उघडून बघा आणि मग ठरवा.

इंच की मिलिमीटर?

मला शिकवणारे सुतारकाका सुतात बोलायचे. "ताई, दोन सूत सोडा" म्हणजे पाव इंच, सहा मिमीच्या आसपास. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचा डोळा इतका तयार होता की सुताचा चौथा हिस्सा ते नुसता बघून सांगत. आपला डोळा तसा नाही. शिवाय बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकवायच्या पट्ट्या), ड्रिल बिट सगळं मिमीत येतं. टेप कोणतीही घ्या, पण एका कामात एकच माप वापरा.

प्लाय कोणता घेऊ? मरीन प्लाय पाण्यात चालतो ना?

घ्यायचा तो मरीनच, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) ची आयएसआय खूण असलेला, १८ किंवा १९ मिमी. पण "पाण्यात चालतो" याचा अर्थ नीट समजून घ्या. या प्रतीची कसोटी लागते ती मुख्यतः डिंकाची. तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत, अशी ती चाचणी आहे. थर सुटत नाहीत. मधलं लाकूड मात्र लाकूडच राहतं: उघड्या कडेतून पाणी पितं, फुगतं, सतत ओलं राहिलं तर काळं पडतं. मरीन प्लाय घेतला म्हणून कडा उघड्या ठेवायची मोकळीक मिळत नाही.

दुकानात तीन गोष्टी बघा. शिक्का छापलेला आहे का. कडेने पाहिल्यावर थरांमध्ये पोकळ्या दिसतात का. आणि बोटाच्या पेराने ठोकत गेलं तर मध्येच आवाज बदलतो का. मी एक चौथी परीक्षाही करते. दुकानदाराकडून त्याच शीटचा चार बोटं रुंद तुकडा मागून आणते आणि पातेल्यात चार तास उकळते. चांगल्या प्लायचं पाणी लालसर होतं, तुकडा गार झाल्यावर जरा जाड लागतो, पण नखाने थर निघत नाही. एकदा एका नामांकित छापाच्या तुकड्याचे थर दीड तासातच पुस्तकाच्या पानांसारखे उघडले. शिक्का होता, पण माल खोटा होता. दुसऱ्या दुकानातून घेतला.

पूर्ण सागवानात केलं तर?

करता येतं, आणि दिसतंही देखणं. पण रुंद सागवानी फळ्यांचा बॉक्स करू नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. ४५० मिमी रुंदीची बाजू हवेप्रमाणे एखाद-दोन मिमी नक्की बदलेल, आणि तुम्ही ती स्क्रूने जखडली असेल तर फळी तडकेल. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, तरी हलतंच.

माझ्या मते बॉक्स मरीन प्लायचा, आणि शटरच्या (कपाटाच्या दारांच्या) चौकटी, कडेच्या पट्ट्या, मुठी सागवानाच्या, ही वाटणी उत्तम. चौकटीतलं पॅनेल खाचेत मोकळं सोडा, चिकटवू नका.

कोकणात शिवण सहज मिळतं. हलकं, रंध्याला गुणी आणि फारसं न हलणारं लाकूड आहे. सावंतवाडीच्या कपाटाची शटरं मी शिवणीची केली. फणसही सुंदर, सोन्यासारखा पिवळा, पुढे तांबूस होत जाणारा. आंबा मात्र नको, त्याला कीड फार लवकर लागते.

पुण्यात जुन्या वाड्यांचं सागवान वखारीत मिळतं. त्यासारखं लाकूड नाही. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं, वाकायचं ते वाकून झालेलं. आणल्यावर आधी लोहचुंबक फिरवा. मोडून आत राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला दात पाडतो.

पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (प्लास्टिकचा किंवा प्लास्टिक-भुसा मिश्रणाचा) बोर्ड का नको? त्याला पाणीही लागत नाही, वाळवीही नाही.

दोन्ही खरं. भाड्याच्या घरात किंवा जिथे फरशी रोज बादलीने धुतात तिथे मीही तोच सुचवीन. त्याची दुखरी जागा म्हणजे स्क्रू. बिजागरीचा स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की पकड जाते, आणि लांब फळी वजनाने हळूहळू झोळ घेते. घनता जास्त असलेला बोर्ड घ्या आणि बिजागरीच्या जागी मागून लाकडाची पट्टी बसवा. रंधा मारायचं सुख मात्र त्यात नाही, आणि मला ते हवं असतं.

पाय लावून जमिनीवर ठेवू की भिंतीला टांगू?

टांगा. परदेशी व्हिडिओंत कपाट थेट जमिनीवर बसवलेलं दिसतं, कारण तिथली न्हाणीघरं बहुधा कोरडी असतात. आपलं न्हाणीघर ओलं. आपण फरशीवर पाणी ओततो, खराट्याने घासतो, पाणी नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीच्या भोकाकडे) लोटतो. (हा "नहाणी" शब्द आपल्या न्हाणीचाच. देशभरातले प्लंबर आणि कंपन्यांचे कॅटलॉग तो वापरतात, याचा मला फार आनंद होतो.) जमिनीपासून २५० ते ३०० मिमी मोकळं राहिलं तर खराटा आतपर्यंत जातो, हवा खेळते, झुरळांना आडोसा मिळत नाही.

भिंत वजन पेलणारी नसेल तर नाइलाजाने पाय लावा, पण स्टीलचे किंवा प्लास्टिकचे. लाकडी पाय फरशीला टेकू देऊ नका.

भिंत हे वजन पेलेल का?

हिशोब करू. ७५० मिमी रुंदीच्या कपाटावरचा १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट साधारण १७ ते १८ किलो. प्लायचा बॉक्स आणि शटरं मिळून तेवढंच. बेसिन १० ते १५ किलो. म्हणजे रिकामं असतानाच ५० किलोच्या आसपास. शिवाय कुणीतरी दोन्ही हात टेकून भार देणारच.

म्हणून दगडाचं वजन बॉक्सवर टाकू नका. भिंतीत दोन लोखंडी एल ब्रॅकेट घ्या, गंज न धरणारा रंग मारून, आणि दगड त्यांच्यावर बसवा. बॉक्सने फक्त स्वतःचा आणि आतल्या सामानाचा भार घ्यावा. विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुलून पकडणारा बोल्ट) चांगला धरतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर सैल पडतो, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) लागतो. सावंतवाडीला जांभ्याची भिंत होती. जांभा सच्छिद्र असतो, भोक पाडताना कडा ढासळतात. तिथे लांब बोल्ट आणि केमिकल अँकर वापरला, आणि पूर्ण दोन दिवस हात लावला नाही.

टाइलला भोक पाडताना पाइप फुटला तर?

ही भीती रास्त आहे. भिंतीतले पाइप बहुधा अँगल कॉकपासून (बेसिनखालच्या छोट्या नळापासून) सरळ वर किंवा सरळ आडवे जातात. त्या दोन्ही रेषांवर, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून, भोक नको. टाइल बसण्याआधीचे फोटो कंत्राटदाराकडे किंवा शेजाऱ्यांकडे असतील तर मागून घ्या. टाइलवर चिकटपट्टी लावा, टाइलचा बिट वापरा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. टाइल पार झाली की मगच हॅमर.

प्लाय किती लागेल?

७५० रुंद, ४५० खोल, ५०० उंच बॉक्सला मी १८ मिमीचे तुकडे असे काढते: बाजू ५०० × ४५० च्या दोन, तळ ७१४ × ४५० चा एक, आडव्या पट्ट्या ७१४ × ८० च्या तीन (दोन वर, एक मागे टांगायला), आणि शटरंही प्लायचीच करायची तर ३७२ × ४९६ ची दोन. ७१४ कुठून आलं? ७५० मधून दोन बाजूंची जाडी, ३६ मिमी, वजा. शटरांच्या मध्ये ३ मिमी आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मिमी फट धरली आहे.

८ × ४ फुटी शीटच्या अर्ध्या भागात हे सगळं बसतं, करवतीच्या पात्याची ३ मिमी जाडी धरूनसुद्धा. पण अगदी काठोकाठ. चुकायला जागा हवी असेल तर पूर्ण शीट घ्या, उरलेल्यात आरशामागचं कपाट होतं.

कापायचं काम दुकानातल्या पॅनेल सॉवर (मोठ्या यंत्र-करवतीवर) करून घ्या. घरी चार इंची कटर मशीनला लाकडाचं पातं लावून कापणारे खूप आहेत. ते यंत्र फरशी कापायला केलेलं आहे, लाकडात अडकलं की उलटं अंगावर येतं. आमच्या ओळखीतल्या एका कारागिराचं बोट त्यात गेलं. मी ते वापरत नाही, कुणाला वापरूही देत नाही.

मागची बाजू प्लायने बंद करू का?

नको. मागे फक्त टांगायची पट्टी. अँगल कॉक, ट्रॅप (बेसिनखालचा सांडपाण्याचा वळणाचा भाग), पाइप सगळं मागेच असतं. प्लंबरला हात घालायला जागा हवी आणि भिंतीला वाळायला हवा.

कडांचं एवढं काय?

कपाट कडेवरून जातं, म्हणून इथे घाई करू नका. प्लायच्या पृष्ठभागावरून पाणी ओघळतं. कडेत मात्र आडव्या थरांची टोकं उघडी असतात, ती पाणी वर ओढतात. तळाच्या फळीची खालची कड, शटरची खालची कड, पाइपसाठी पाडलेलं भोक आणि स्क्रूची भोकं, या चार जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

मी असं करते. सगळे तुकडे कापून, भोकं पाडून झाली की बॉक्स जोडायच्या आधी प्रत्येक कडेला पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा लेप) ब्रशने लावते. पहिला हात कड पिऊन टाकते, दहा मिनिटांत कोरडी दिसते. लगेच दुसरा. तो चकाकत राहिला म्हणजे कडेचं पोट भरलं. दिसणाऱ्या कडांना त्यानंतर पॉलिश पेपर मारून ६ मिमीची सागवानी पट्टी चिकटवते. स्क्रू घालण्याआधी भोकात इपॉक्सीत बुडवलेली काडी फिरवते.

पट्टीची जाडी मापातून वजा करायला विसरू नका. पहिल्या कपाटाला मी विसरले. दोन शटरं, प्रत्येकी दोन उभ्या पट्ट्या, ६ मिमीप्रमाणे एकूण २४ मिमी जास्त. बसवायला गेले तर शटरं एकमेकांवर चढली. चिकटवलेल्या पट्ट्या रंध्याने उतरवून, प्लाय कमी करून, पुन्हा नव्या लावल्या. दोन रविवार गेले.

डिंक आणि सांधे?

साधा पांढरा फेव्हिकॉल इथे चालणार नाही, फेव्हिकॉल मरीन किंवा तशाच पाण्यात टिकणाऱ्या प्रकारचा घ्या. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा. बॉक्सचा तळ बाजूंच्या मध्ये बसवून डिंक आणि ५० मिमीचे स्टेनलेस स्क्रू, एवढं पुरतं. सांध्याची कारागिरी दाखवायची असेल तर ती शटरच्या चौकटीत दाखवा.

बिजागरी आणि चॅनेल कोणते?

स्टेनलेस ३०४ ची ऑटो हिंज, म्हणजे शटर आपोआप ओढून बंद करणारी बिजागरी. साध्या लोखंडी बिजागरीवर नुसता चकचकीत मुलामा असतो, तो दोन पावसाळ्यांत तांबूस होतो. शटर बाजूची पूर्ण जाडी झाकत असेल तर झिरो क्रँक मागा, आत बसत असेल तर १६ क्रँक. वाटीचं भोक ३५ मिमी व्यासाचं, मध्य शटरच्या तयार कडेपासून साडेबावीस मिमीवर, खोली साधारण १२. अठराच्या प्लायमध्ये मग जेमतेम सहा उरतात, म्हणून ड्रिल बिटवर चिकटपट्टीची खूण करा.

टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना १३-१३ मिमी लागतात. ड्रॉवरची बाहेरची रुंदी आतल्या मापापेक्षा २६ ने कमी.

मध्ये ट्रॅप आहे, ड्रॉवर कसा बसणार?

यू आकाराचा. मागच्या फळीत आणि तळात मधोमध खाच घ्यायची आणि खाचेच्या तिन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे सामान पाइपवर घसरत नाही. खाच ट्रॅपपेक्षा दोन्हीकडे ३० मिमी मोठी ठेवा, बॉटल ट्रॅपची वाटी साफ करायला हाताने फिरवावी लागते. बेसिन आणि ट्रॅप बसवून झाल्यावरच हे माप घ्या. मी पुठ्ठ्याचा ड्रॉवर आधी करून सरकवून बघते.

ग्रॅनाइटवाल्याला काय सांगायचं?

बेसिन सोबत न्या. पुढे बॉक्सपेक्षा २० मिमी बाहेर. खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच कापून मागा. दगडावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडतं. ती नसेल तर ते दगडाच्या पोटाने आत सरकून शटरच्या माथ्यावर येतं. अगदी थोड्या जास्तीच्या पैशांत होणारं काम आहे, पण आपणहून कुणी करत नाही.

सनमायका की पॉलिश?

बॉक्सच्या आत सनमायका, फिकट रंगाचा, गळती लगेच दिसते. शटरला लावायचा तर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूने लावलेलं शटर वर्षभरात बाक धरतं.

सागवानाला दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश). लाकूड जवसाच्या तेलात फार सुरेख दिसतं, पण बेसिनपाशी दरवर्षी पुन्हा लावावं लागतं. लावलंत तर तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

फ्लॅटमध्ये आवाज आणि धूळ यांचं काय?

यंत्राची सगळी कामं एका शनिवारी दुपारी चारनंतर उरकायची आणि आदल्या दिवशी वरच्या-खालच्या घरी सांगून यायचं. आमच्या खालचे आजोबा आता स्वतःच विचारतात, या आठवड्यात आहे का काम. धुळीकडे मात्र दुर्लक्ष नको. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे. एन९५ मास्क लावूनच पॉलिश पेपर हातात घ्या.

किती दिवस लागतात?

मला सुट्टीचे सहा ते आठ दिवस.

बसवून झाल्यावर गळती कशी तपासायची?

फिकट सनमायकावर मोठी गळती दिसते, पण एखाददुसरा थेंब सहज दिसत नाही. तळावर कोरडं वर्तमानपत्र पसरा. बेसिनला बूच लावून काठोकाठ भरा, अर्धा तास थांबा, मग बूच एकदम काढा. बारीक धारेत न गळणारा सांधा पूर्ण लोंढ्याला गळतो. ठाण्याला कागदावर रुपयाएवढा एकच ओला ठिपका उमटला. वेस्ट कपलिंगचं (बेसिनच्या तळातल्या भोकात बसणाऱ्या नळीचं) रबर उलटं बसलं होतं. कागद आठवडाभर तसाच राहू द्या, रोज सकाळी बघा.

जुलैत शटर घासायला लागलं. रंधा मारू का?

लगेच नको. आधी बिजागरीचे स्क्रू बघा, वजनाने शटर खाली आलं असेल तर बिजागरीच्या स्क्रूंनी दोन मिमी वर-बाजूला घेता येतं. तरीही घासत असेल तर घासणाऱ्या जागी पेन्सिलची खूण करा आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा. हवा कोरडी झाल्यावर बहुतेक वेळा खूण आणि चौकट यांच्यात पुन्हा फट दिसते. डिसेंबरातही घासलं तर तेवढीच जागा रंध्यावर घ्या, आणि उघड्या पडलेल्या लाकडाला त्याच दिवशी पीयूचे दोन हात द्या.